माठाला दिलेली साक्ष

बापूसाहेब आसरेकर यांना साठ वर्षं पुरी झाली, असं गौरव-समितीचं पत्र अकोल्याला माझ्या हाती पडलं आणि मी खुर्चीतच ताठ झालो. साठ? कालपरवापर्यंत अमरावतीच्या कोर्टाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढणारा हा गृहस्थ साठीचा कधी झाला? त्याच पत्राच्या शेवटी समितीने विनंती केली होती की, बापूसाहेबांचा जुना सहायक या नात्याने मी गौरवग्रंथासाठी 'शांतपणे आठवून' चार पानं लिहावीत. आता काय म्हणावं! ज्यांनी मला पहिल्या दिवसापासून धक्क्यामागून धक्के दिले, त्यांच्याविषयी शांतपणे लिहायचं कसं? मला जमेल तसं लिहितो. समितीने गोड मानून घ्यावं.

मी मूळचा पुण्याचा. वकिलीची परीक्षा झाली आणि मामांनी बापूसाहेबांच्या नावे पत्र देऊन मला अमरावतीला धाडलं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, हायकोर्ट नागपूरला, बोली निराळी, माझ्या ओळखीचं कुणी नाही. घरी गेलो तर कळलं, साहेब भाजीबाजारात आहेत. मी रुमाल बांधलेल्या, चष्मा लावलेल्या कुणा भारदस्त माणसाला शोधत राहिलो. शेवटी एकाने बोट दाखवलं तिकडे बघतो तर एका माळणीसमोर पोत्यावर उकिडवे बसलेले गृहस्थ हातात वांगं धरून म्हणत होते, "काहून ओ माय, काल त कसे झकास वांगे होते, आज असे मरतुकडे काहून? घरी कोनी बीमार हाय काय?"

"सासू पडून हाय जी," ती म्हणाली. "मळ्यात जानं झालंच नाई."

झालं! गृहस्थ तिथेच बसले. सासूला काय होतं, ताप कधी चढतो, काढा कोण देतं, सगळं ऐकून घेतलं. मी उन्हात उभा. हा माणूस वकील? माझी खात्री झाली की मला चुकीचं बोट दाखवलंय. तरी धीर करून पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, उठून धोतर झटकलं आणि माझ्याकडे वळून अस्सल सदाशिव पेठी मराठीत विचारलं, "मामांची प्रकृती आता कशी आहे? प्रवासात फार त्रास तर नाही ना झाला आपल्याला?" बाजारातल्या बोलण्याने मला जेवढा धक्का बसला होता, त्याहून मोठा या वाक्याने बसला. 

पुढच्या आठवड्यात माझा गोंधळ वाढतच गेला. सकाळी बडनेऱ्याचे एक वृद्ध मिर्झासाहेब आले, तर बापूसाहेब त्यांच्याशी अशा अदबीने उर्दू बोलले की मधे शिंकायचीसुद्धा मला चोरी. दुपारी जिल्हा कोर्टात इंग्रजी, तेही कडक इस्त्रीचं. संध्याकाळी घरी एका बहिऱ्या आत्याबाईंजवळ जमिनीवर बसून फक्त हातवारे, आणि दोघेही पोट धरून हसतायत. मला हे पटेना. आमच्याकडे माणूस सगळ्यांशी एकसारखा बोलतो, तुटक बोलतो, आणि त्याचा आम्हांला अभिमान असतो. एकदा जेवताना मी विचारूनच टाकलं, "बापूसाहेब, रागावणार नसाल तर विचारतो. एका दिवसात आपण चार माणसं असता. यातले खरे कोणते?"

वाढणाऱ्या माईंचा, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीचा, हात थांबला. बापूसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "हे तुम्ही मला पुणेरीत विचारलंत. हेच भातकुलीचा माळी विचारते तं म्हनते, 'वकीलसाहेब, तुमी बहुरूपी हा काय?'"

"मग त्याला काय सांगता?"

"त्याले म्हनतो, जेव पहिले," असं म्हणून त्यांनी पिठल्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मला ते उत्तर तेव्हा टोलवाटोलवीचं वाटलं आणि रागही आला.

यावरून कुणी बापूसाहेबांना गोडबोले समजू नये. तिवशाकडचे एक बडे देशमुख 'आपली बाजू भक्कम आहे' एवढं ऐकायला आले होते. बापूसाहेबांनी त्यांना ऐकवलं, "देशमुखसाहेब, बाजू तुमची खोटी हाय आन् तुमाले ते मालूम हाय." देशमुख काठी विसरून निघून गेले. मी हबकलो. असला मोठा अशील कुणी घालवतो का? बापूसाहेबांनी ती काठी दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर परत पाठवली आणि विषय तिथेच संपवला.

माझ्यावरचा एक उपकार इथे सांगितलाच पाहिजे. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापाने असं धरलं की आठ दिवस धड शुद्ध नव्हती. माईंनी आणि बापूसाहेबांनी सेवा केली, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढे काही वर्षांनी वडिलांच्या कपाटात सापडलं. एकाच दिवशी, एकाच घरी बापूसाहेबांनी दोन पत्रं घातली होती. आईच्या पत्रात होतं, मी किती घास मऊ भात खाल्ला, कुशीला उशी कुठली दिली, कपाळावर पट्टी कोण ठेवतं. वडिलांच्या पत्रात डॉक्टरांचं मत, तापाचे आकडे आणि 'शक्य तितक्या लवकर निघावे' हे वाक्य. खोटं एकाही पत्रात नव्हतं.  वडील का आले होते आणि आई घरी कशी शांत राहू शकली होती, ते मला त्या दिवशी समजलं.

पण ज्यापुढे हे सगळं किरकोळ वाटावं असं एक प्रकरण आहे. ते लिहिल्याशिवाय मला या ग्रंथात नाव घालायचा अधिकार नाही, कारण त्यात चूक माझी होती.

भातकुलीकडचा तो पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहीर खणावी तर पाणी तोंडात धरवत नाही. तिथे तुळशीराम आणि सुखदेव या दोघा माळी भावांच्या वाटणीच्या मळ्यात मिळून एकच गोड्या पाण्याची विहीर होती. सकाळपासून दुपारपर्यंत थोरल्या तुळशीरामाची मोट चालायची, दुपारनंतर धाकट्या सुखदेवाची. सुखदेव अचानक वारला. त्याची बायको गिरजाबाई मागे राहिली; मूलबाळ नाही, सासू आधीच गेलेली. तुळशीरामही विधुर, मुली सासरी. सुखदेव गेल्यावर काही दिवसांतच तुळशीरामाची मोट दिवसभर चालू लागली आणि गिरजाबाईचा मळा सुकला. तेव्हा तिचा भाऊ चांदूर रेल्वेहून आला, विहिरीच्या काठावर उभा राहून त्याने तुळशीरामाला नाही नाही ते ऐकवलं, आणि बहिणीला घेऊन थेट आमच्या कचेरीत आला.

बापूसाहेब नागपूरच्या एका मोठ्या कामात अडकले होते. प्रकरण माझ्याकडे आलं. मी काय खूश! बारा कलमांचा दावा लिहिला. 'हेतुपुरस्सर', 'दांडगाईने', 'असहाय विधवेस निराधार करण्याच्या दुष्ट बुद्धीने'. सगळे शब्द माझे. गिरजाबाईला मी एकच विचारत होतो, "पाणी नेमकं कुठल्या तारखेपासून अडवलं?" ती म्हणे, "वांगे फुलावर होते तवा." मी चिडून जाई. शेवटी तिला बजावलं, "कोर्टात उभं राहायचं, त्याच्याकडे बोट करायचं आणि सांगायचं, यांनी माझं पाणी तोडलं." ती दाराकडे बघत राहिली. तिला समजलं, असं मी धरून चाललो.

सुनावणीचा दिवस आला. सबजज्जसाहेब जबलपूरकडचे, कडक, मराठी समजणारे. गिरजाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. समोरच्या बाकावर तुळशीराम, मान खाली. मी विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं. नाहीच. जज्जसाहेबांनी लेखणी उचलली, "साक्षीदाराला काही सांगायचं नाही, असं लिहू?"

 साक्ष नाही तर दावा नाही, दावा नाही तर पाणी नाही. आजूबाजूला सगळं खारं पाणी. तो दीड एकराचा मळा गेला की त्या बाईला भावाच्या दारात आश्रिताचं जिणं आणि भावजयीचे टोमणे, दुसरं काही उरलं नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी काय केलं? मी तिच्यावर ओरडलो. "बाई, तुम्ही मुक्या आहात का? मग दावा कशाला लावलात?" भर कोर्टात. तिने पदर आणखी खाली ओढला. आज वीस वर्षांनी हे लिहिताना माझे कान तापतात.

त्याच वेळी बापूसाहेब आत आले. नागपूरच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून परस्पर कोर्टात, कोटावर धूळ तशीच. दारातून त्यांनी तिचा पदर पाहिला, बाकावरची ती खाली घातलेली मान पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तो कोण तिचा?"

"प्रतिवादी."

"अहो, नातं विचारतोय मी!"

"दीर. थोरला."

बापूसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "भासरा? आन् तुमी तिले त्याच्यासमोर उभी करून बोट दाखवाले सांगितलं?" माझ्यावर रागावून ते वऱ्हाडीत बोलले ते आयुष्यात त्या एकदाच. मग मला उमगलं. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाई समोरासमोर बोलत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

चूक निस्तरायला मी उठलो आणि इंग्रजीत लांबलचक अर्ज केला की प्रतिवादीला तात्पुरतं बाहेर बसवावं. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली, जज्जसाहेबांनी ती मान्य केली, आणि मी खाली बसलो. बापूसाहेब उभे राहिले. ते एवढंच म्हणाले, "हुजूर, जेठ सामने बैठे हैं."

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. एकवार बाईकडे पाहिलं. त्यांच्याही मुलखात हीच रीत असणार. "अच्छा," ते हळूच म्हणाले. "तो फिर?"

"बस, इन्हें किसी और से कह लेने दीजिए."

परवानगी मिळाली. बापूसाहेब पिंजऱ्याजवळ गेले, पण फार जवळ नाही, आणि तिच्याकडे न पाहता बोलले, "माय, मले नको सांगू. साहेबाईले बी नको सांगू. थो कोपऱ्यात पान्याचा माठ हाय नं, त्याले सांग."

अरे देवा! माझ्या अंगाला घाम फुटला. सरकारी कोर्टात, राजाच्या तसबिरीखाली, साक्ष माठाला? पट्टेवाल्याने तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, आता आमच्या दोघांच्या सनदा जातात. गिरजाबाई सावकाश वळली. कोपऱ्यातल्या तिवईवरच्या माठाकडे तोंड केलं. आणि बोलू लागली.

"माठा, आयक बाप्पा. घरधनी गेले तवा वांगे फुलावर होते. रोज दुपारी बैलाचा कासरा धरून मी कुपाटीमागं उभी राहो. घरधनी होते तवा भासऱ्याची मोट सुटली का हाक ये, 'सुखदेवा, धर रे मोट.' मी वाट पाहो, आज हाक येईन. हाकेबिगर त्याईच्या समोरून जाऊन मोटीले हात कसा लावू? पंधरा दिस उभी राहिली. हाक आली नाई. मंग वांगे सुकले."

 आणि मग बाकावरून तुळशीराम उठला. विरुद्ध वकील "बसा, बसा" करतायत, याचं लक्ष नाही. तोही माठाकडेच पाहत होता.

"माठा, तिले सांग. म्या बी पंधरा दिस दुपारी बैल सोडून हिरीच्या धावेवर उभा होतो. हाक कोनाले मारू? 'धर रे' म्हनाले भाऊ राहिला नाई. भावाच्या बायकोले नाव घेऊन हाक मारू काय? कोनी आलं नाई, तं मले वाटलं, तिले वावर करनं नसन, माहेरी जाईन. म्हनून मोट चालू ठेवली. मंग तिचा भाऊ आला आन् त्यानं मायवरून शिव्या देल्ल्या."

 पंधरा दिवस! कुंपणाच्या अलीकडे ती, पलीकडे तो, चाळीस पावलांचं अंतर, दोघंही उन्हात हाकेची वाट बघत उभी. दोघांचं बोलणं ज्याच्यामार्फत चालायचं तो माणूस मेला होता, एवढीच काय ती घटना. आणि मी त्यावर 'दुष्ट बुद्धी' लिहिली होती! कारकून लेखणी धरून जज्जसाहेबांकडे बघत होता, माठाशी झालेलं संभाषण कुठल्या रकान्यात घालावं म्हणून. जज्जसाहेब चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

तडजोडनामा तिथल्या तिथे झाला. बापूसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. दुपारी मोट सोडताच तुळशीरामाने चाकावर काठीचे तीन ठोके द्यावेत, ते ऐकून गिरजाबाईने मोट धरावी. हाकेची गरज नाही. दोघांनी माना डोलावल्या, अर्थात माठाकडे बघून. अंगठ्यासाठी शाई काढली तेव्हा जज्जसाहेबांनी सहज विचारलं, "और कुछ?"

तुळशीराम घुटमळला. मग म्हणाला, "माठा, दुसरं काई नाई. पहिले भाऊ हाक मारे, 'दादा, चाल जेवाले.' दीड वरीस झालं, मले जेवाले कोनी हाक मारली नाई."

पदराआडून लगेच आवाज आला, "त्याईले सांग माठा, दीड वरीस रोज दोघाची भाकर टाकली म्या. ताट झाकून ठेवलं. सांगू कोनाच्या हातून? सांजीले गाईपुढं टाकली."

 बापूसाहेबांकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मला म्हणाले, "लिहा. कलम पाचवे."

"कसलं?" मी विचारलं.

"वादीने जेवण तयार होताच ताटावर दोन ठोके द्यावेत. प्रतिवादीने ते ऐकताच जेवायला यावे."

मी जज्जसाहेबांकडे पाहिलं. दिवाणी हुकुमनाम्यात हे चालतं का? ते म्हणाले, "लिखिए."

मी लिहिलं. माझ्या हस्ताक्षरातलं ते कलम आजही अमरावतीच्या कोर्टाच्या दप्तरात आहे. ज्याला बघायचं असेल त्याने जाऊन बघावं. बाहेर आल्यावर मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर बापूसाहेब म्हणाले, "चूक माझी. मी नागपूरला पळालो. आधी त्या विहिरीवर जाऊन उभा राहिलो असतो तर दावाच लागला नसता." आणि मग मला घेऊन परत व्हरांड्यात गेले. ज्या बाईवर मी ओरडलो होतो ती तिथे भावाशेजारी बसली होती. माझ्या चुकीची माफी त्यांनी स्वतः हात जोडून मागितली. साठ खेड्यांत नाव असलेल्या वकिलांनी, एका माळणीची, चारचौघांत. मी मागे उभा होतो. नंतर मीही हात जोडले.

अकोल्याला स्वतःची वकिली सुरू केल्यापासून आजवर मी अशिलाला तारखेच्या आधी नातं विचारतो. बोली मला अजून साधत नाही. माझं वऱ्हाडी ऐकून पक्षकार हसतात, आणि हसल्यावर बोलू लागतात, तेव्हा तेही चालून जातं.

बापूसाहेबांनी आता विश्रांती घ्यावी, असं या ग्रंथात पुष्कळजण लिहितील. मी लिहिणार नाही. या वऱ्हाडात अजून कितीतरी घरांत दोन माणसं चाळीस पावलांवर उभी असतील, एकमेकांची हाक येईल म्हणून, ताट झाकून. त्यांच्या मध्ये जाऊन उभं राहायला बापूसाहेब हवेत. तेव्हा परमेश्वराने त्यांचे गुडघे शाबूत ठेवावेत, कान तिखट ठेवावेत, पिठलं-भाकर पचत राहावी, आणि माई व ते असे दोघेही शंभरी गाठोत. तुळशीराम आता थकला आहे. गेल्या पौषात मी भातकुलीला गेलो होतो. दुपार कलली तशी गिरजाबाईच्या ओसरीवर ताट दोनदा वाजलं आणि तो काठी टेकत उठला.